पाणी: हो / नाही

मुख्य घर, तीन पाहुणघरं, मागे जर्दाळूची बाग.
न्यू मेक्सिको, एम्बुडोचं खोरं.
भिंती कच्च्या विटांच्या, दोन दोन फूट जाड,
गवताच्या काड्या अजून चिखलात चमकतात.
मी लेसर लावते, आकडा दर वेळी वेगळा.
एकही कोपरा नव्वद अंशांचा नाही.

लुदिविनाबाई हसतात :
"बेलार्मिनोच्या हातात गुण्या होता गं,
पण डोळे त्या डोंगराकडे."

पहिलं पाहुणघर त्याच्या भावासाठी.
ओनेसिमो कोरियाहून परतला
तो कुणाच्या छपराखाली झोपेना.
म्हणून त्याला त्याचंच छप्पर, दार उगवतीला.
दुसरं लेकीसाठी, उन्हाळ्यात पोरंबाळं घेऊन येईल म्हणून.
दोनदा आली.
तिसरं पैशासाठी, निळ्या फरशांची न्हाणी असलेलं.
वहीत टेक्ससचं एक जोडपं लिहून गेलंय :
इथे फारच शांत आहे.
ही तक्रार की कौतुक, बाईंना अजून कळलेलं नाही.

माझ्या फॉर्मात चौकोन आहेत.
झोपायच्या खोल्या : सहा.
छपराची शेवटची दुरुस्ती : आठवत नाही.
पाणी : हो / नाही.
मी 'हो'वर खूण करते, पान उलटते.

"घेणार कोण?" बाई विचारतात.
म्हटलं, ऑस्टिनचे, कॅलिफोर्नियाचे,
घरी बसून काम करणारे.
"फावडं आहे का त्यांच्याकडे?"

मार्चमधल्या एका शनिवारी
घरटी एक माणूस फावडं घेऊन पाटावर उतरतो,
मुखापासून शेपटापर्यंत गाळ काढतो.
जो उतरत नाही, त्याच्या शेताला पाणी नाही.
हा कायदा कुठे लिहिलाय, मी विचारलं.
बाईंनी दाराआड बोट दाखवलं.
फावड्याचा दांडा मधोमध
हाताच्या मुठीएवढा बारीक झालेला.

मी काहीच बोलले नाही.
माझे वडील पांझरेच्या फडांवर पाटकरी होते.
कंदील घेऊन रात्री निघत,
पहाटे परतत तेव्हा पायजम्याला गुडघ्यापर्यंत नदी.
म्हणत, पाणी कुणाच्या बापाचं नसतं,
फक्त पाळी असते.
त्या गुडघ्यांची मला शाळेत लाज वाटायची.
इथे बावीस वर्षं घरं मोजतेय,
चौरस फुटाला भाव लावतेय,
'पाळी'ला चौकोन कुठल्याच फॉर्मात सापडला नाही,
आणि खरं सांगायचं तर
मी शोधलाही नव्हता.

एप्रिलात बाई आल्बुकर्कीला गेल्या,
लेकीच्या फ्लॅटमध्ये, जिथे गालिचा भिंतीपर्यंत आहे.
फाटकावर पाटी लागली,
पाटीवर मी, दात दाखवत.

मग फिदेन्सिओचा फोन. इथला पाटकरी तो,
फक्त त्याचं नाव वेगळं, मायोरदोमो.
"शनिवारी रात्री एक ते चार आर्चुलेतांची पाळी.
कुणी नसेल तर पाणी खाली सोडतो.
जर्दाळूला फळ धरलंय."
एवढंच. विनंती नाही, दोष नाही.

सांता फेहून पन्नास मैल,
मुलाचे गमबूट, एक नंबर मोठे.
लाकडी फळी उचलली
आणि अंधारातून ते आलं :
पाइनच्या सुया, सोड्याची एक बाटली,
डोंगरावरच्या बर्फाचा गारठा.
तिसऱ्या पाहुणघराला वळसा घातला,
ओनेसिमोच्या दारापाशी जरा थांबलं,
मग झाडांखाली शिरलं.
एक बांध मी चुकीचा फोडला.
बरंच पाणी रस्त्यावर गेलं, सांगून ठेवते.
तो आवाज मला ओळखीचा होता
आणि मी त्याला नव्हते.

चार वाजता फळी खाली टाकली.
गाडीत, ओल्या मोज्यांनी,
जाहिरातीचा मजकूर उघडला.
पाणी : हो.
पुढे जागा नव्हती, तरी लिहिलं :
शनिवार, रात्री एक ते चार.
फावडं दाराआड आहे.